नसीर शिकलगार सिंगल खेळतो

तळेगाव दाभाड्याला स्टेशनच्या अलीकडे जी नवी सोसायटी झाली आहे, तिच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर नसीर शिकलगार राहतो. सोसायटीत त्याला माजोरडा म्हणतात. लिफ्टमध्ये कुणी हसलं तर हा आकडे बघत उभा राहतो. वार्षिक सभेला येतो, शेवटच्या खुर्चीवर बसतो आणि चहा यायच्या आत उठून जातो. लोकांचा समज आहे की हा माणूस सगळ्यांना तुच्छ लेखतो. समज खरा आहे.

वय चव्वेचाळीस. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो एकवीस वर्षं तपासणीला आहे. समोर ट्रेमधून शाफ्ट येतात, तो प्रत्येकाला गेज लावून बघतो. मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत. शाफ्ट कुणाचा भाऊ नसतो, कुणाच्या गावचा नसतो, म्हणून नसीरला हे काम आवडतं. माणसांची तपासणी मात्र त्याने कधीच आटोपली होती, आणि लाल पेटी काठोकाठ भरली होती.

याचं मूळ शिरगावच्या शाळेत. वडील विळे-कात्र्यांना धार लावायचे, आणि त्यांचा हा मुलगा सहाव्या वर्षापासून बोलताना अडखळायचा. शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथेच दार लावून बसायचा. गुरुजी मुद्दाम म्हणायचे, ‘‘दुसरा परिच्छेद नसीर वाचेल.’’ नसीर उभा राहायचा, पहिल्या अक्षरावर अडायचा आणि अख्खा वर्ग एका सुरात हसायचा. त्यातलीच पोरं एकेकटी ओढ्यावर भेटली की चांगली वागत. एकाने तर त्याला भोवरा फिरवायला शिकवला होता. तेव्हाच नसीरच्या डोक्यात पक्कं बसलं की माणूस एकटा असला तर सोसवतो, दोघं असली तर जरा जपून राहावं, आणि पाच झाली की त्यांच्यात माणूस म्हणून काही उरत नाही. शाळेच्या भिंतीवर ‘एकीचे बळ मिळते फळ’ असं निळ्या रंगात लिहिलेलं होतं. ते बळ ज्याच्या पाठीवर पडतं त्याचं काय, हे भिंतीवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

पुढे जिथे गेला तिथे त्याला तेच दिसलं. सोसायटीच्या सभेत पाच जण आदल्या दिवशी फोनवर सगळं ठरवून यायचे आणि एकामागून एक हात वर करायचे. युनियनमध्ये तेच, लग्न जमवायच्या बैठकीतही तेच. नसीरकडे सांगण्यासारखं असायचं, पण त्याचा पहिला शब्द बाहेर येईपर्यंत ठराव मंजूर व्हायचा. मग त्याने सांगायचंच सोडून दिलं आणि मनातल्या मनात थुंकायला शिकला. घरी बायको परवीनशी आणि मुलगी सानियाशी तो बऱ्यापैकी सलग बोलायचा. बाहेर ‘हो’ आणि ‘नाही’, बस.

टाळेबंदीत कारखाना बंद पडला तेव्हा सानिया सहावीत होती. दिवसभर फोनवर ‘फोर्ट फाइव्ह’ नावाचा खेळ खेळायची. एकदा तिने फोन बापाच्या हातात दिला. ‘‘अब्बा, दोन मिनिटं सांभाळा, अम्मी हाक मारतेय.’’ त्या दोन मिनिटांची पाच वर्षं झाली.

खेळ साधा. नदीच्या दोन बाजूंना दोन किल्ले, मधे एक पूल. इकडचे पाच, तिकडचे पाच, आणि वेळ बारा मिनिटं. समोरच्या किल्ल्यावरचा झेंडा जो उतरवेल तो जिंकला. मेलं की थोड्या वेळाने परत जिवंत होता येतं. नसीरला यातली लढाई आवडलीच, पण त्याहून जास्त आवडली ती शांतता. एकटं खेळायला आलेल्याला खेळातलं यंत्र आणखी चार अनोळखी एकट्यांबरोबर जोडून देतं. कुणी गुवाहाटीचा, कुणी मदुराईचा. कुणी कुणाशी बोलत नाही, कुणाला कुणाचं नाव माहीत नाही. जगात अशी एक जागा निघाली की जिथे सगळेच मुके होते. तिथे नसीरने ‘गेज’ असं नाव घेतलं आणि दोन वर्षांत तो वरच्या श्रेणीत जाऊन बसला. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, साडेचारला तो बाल्कनीत खुर्ची टाकायचा.

पण त्या जागेलाही लवकरच वाळवी लागली. पाच मित्र मिळून एकदम रांगेत उभे राहू शकतात, अशी सोय खेळात होती. ते कानाला हेडफोन लावून आपापसांत बोलत येतात. कोण पुलावर जाईल, कोण मागून शिरेल, सगळं आधी ठरलेलं. त्यांच्यासमोर यंत्र उभं करतं पाच परके. यंत्र म्हणतं, यांची श्रेणी आणि त्यांची श्रेणी सारखी आहे, म्हणजे सामना बरोबरीचा. हे पाच जण हातात हात घालून आलेत, हे यंत्र मोजतच नाही. ‘‘असलं गेज मी वापरलं असतं,’’ नसीर परवीनला म्हणाला, ‘‘तर एका दिवसात नोकरी गेली असती.’’

ठरवून येणाऱ्यांच्या नावांपुढे खेळात साखळीचं छोटं चिन्ह दिसायचं. नसीरने एका वहीत चार महिने नोंद ठेवली. सामने दोनशे बारा. त्यांपैकी एकसष्ट साखळीवाल्यांविरुद्ध, त्यात जिंकले सात. बाकीचे एकशे एक्कावन्न एकट्यांविरुद्ध, त्यात जिंकले त्र्याऐंशी. आकड्यांखाली त्याने दोन रेघा मारल्या आणि कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं. एकट्यांची रांग वेगळी करा, एवढीच मागणी. सानियाने त्याचं इंग्रजी करून पाठवलं. उत्तर चार मिनिटांत आलं: ‘मित्रांसोबत खेळा, मजा दुप्पट होईल!’ खाली गळ्यात गळे घातलेल्या पाच अस्वलांचं चित्र.

नसीरने ते चित्र बराच वेळ पाहिलं. ‘‘अस्वलंच आहेत,’’ तो म्हणाला.

साखळीवाल्यांत सगळ्यात निर्लज्ज टोळी होती ‘घाटमाथा’. ही पोरं एकट्यांना नुसतं हरवून थांबत नसत. त्याचे व्हिडिओ करून, वर हसत-हसत बोलून, ते नेटवर टाकत. एके दिवशी सानियाने त्यातला एक बापाला दाखवला. पडद्यावर ‘गेज’ पुलाच्या मधोमध उभा होता. एक उमदा, खणखणीत आवाज सांगत होता, ‘‘हा बघा मंडळी, गेजसाहेब. एकटेच. खांब आहेत पुलाचे. आता आम्ही चौघं मागून जातोय, साहेबांना पत्ता नाही... आणि गेले साहेब!’’ मग पाच जणांचं हसू, एका सुरात.

नसीरने तो आवाज ओळखला. तो आकाशचा होता. आकाश त्याच्याच कारखान्यात लाइन लीडर. वय एकोणतीस, गणपतीत सूत्रसंचालन करणारा, साहेब लोकांचा लाडका. आणि मागून जो खो-खो हसत होता तो फिरोज, मशिनवर सेटिंग करणारा, जो दर जुम्म्याला मशिदीत नसीरला आदबीने सलाम करायचा. ‘गेज’ म्हणजे कोण, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

‘‘अब्बा, सांगा ना त्यांना,’’ सानिया म्हणाली.

‘‘कशाला? शहाण्याला सांगावं लागत नाही आणि गाढवाला सांगून उपयोग नाही.’’

पुढच्या आठवड्यात कँटीनमध्ये आकाश तोच किस्सा रंगवून सांगत होता. ‘‘खांबासारखा उभा, भाऊ! चौघं मागून गेलो, त्याला कळलंसुद्धा नाही.’’ टेबलावर हशा उसळला. नसीर समोरच्या बाकावर उसळ खात होता. वाढायला चंपामावशी होत्या, करुंजकडच्या, कुणाची भीड न ठेवणाऱ्या. हातातला डाव तसाच धरून त्यांनी विचारलं, ‘‘पाच जणं मिळून एकाला मारलं, त्यात कसली रं मर्दुमकी?’’

‘‘मावशी, समोर पण पाचच असतात.’’

‘‘ते वळखीचे असत्यात का एकमेकांच्या?’’

‘‘नाही, रँडम असतात. पण त्यांना टीम करायला कुणी अडवलंय? आम्ही काय चीटिंग करतो का? सराव करतो आम्ही, बोलतो एकमेकांशी. त्यांनीही करावं.’’

नसीरने चमचा खाली ठेवला. याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, वहीतल्या आकड्यांसकट. ‘‘प... प्रश्न अडवण्याचा न... न...’’

आकाशने हसून मान हलवली आणि मदत केली. ‘‘प्रश्न अडवण्याचा नाही, प्रश्न मेहनतीचा आहे. बरोबर, नसीरभाई? बघा, नसीरभाई पण हेच म्हणतायत.’’

नसीरला हे म्हणायचं नव्हतं. त्याला म्हणायचं होतं की सराव केलेल्यांनी सराव केलेल्यांशी खेळावं, आणि जत्रेत आलेल्या माणसाला आखाड्यात ओढून वर आपल्या ताकदीचा डंका पिटू नये. पण वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊन, उलटं करून, टेबलावर ठेवून झालं होतं आणि सगळे पुढच्या विषयाकडे वळले होते. हसणाऱ्यांचा राग नसीरला फार येत नसे. हसणं निदान उघड असतं. दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकणारे, त्यांच्यासाठी त्याच्याकडे शब्द नव्हता. असता तरी तो बाहेर पडला नसता.

लोणावळ्यात ‘फोर्ट फाइव्ह’ची स्पर्धा जाहीर झाली ती या जानेवारीत. मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या राजेश्वरीताईंनी भरवली होती. पंधरा टीम, आणि ज्यांना टीम नाही अशा सिंगलवाल्यांची चिठ्ठ्या टाकून एक टीम. घाटमाथाचं नाव यादीत सर्वांत वर होतं. सानियाने बापाला न विचारता ‘गेज’चं नाव दिलं आणि शनिवारी सांगितलं. नसीर तासभर घुमसला आणि मग दाढी करायला उठला.

रविवारी सकाळी दोघं लोणावळ्याला उतरली. हॉलमध्ये आदल्या दिवशी लग्न झालेलं होतं, खुर्च्यांना अजून सॅटीनच्या खोळी होत्या. टीमवाले एकसारखे टी-शर्ट घालून घोळक्याने फोटो काढत होते. सिंगलवाल्यांचं टेबल कोपऱ्यात, हात धुवायच्या जागेशेजारी. नसीरने आपल्या चार साथीदारांकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची कीव आली. अम्मारा, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नखं कुरतडत होती. अनघा, कामशेतच्या दाताच्या दवाखान्यातली नर्स, डबा उघडून बसली होती. खोपोलीहून आलेला काळ्या टोपीचा एक माणूस नावही सांगायला तयार नव्हता. आणि मळवलीचे भिकाजी आबा, रेल्वेत गँगमन म्हणून जन्म गेला, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडल्या-पडल्या हा खेळ शिकलेले. त्यांच्या फोनच्या काचेवर कोळ्याचं जाळं झालं होतं. नसीरच्या मनातली लाल पेटी आपोआप पुढे सरकली.

पहिला सामना त्यांनी जिंकला म्हणण्यापेक्षा समोरच्यांनी घालवला. पाच जण पाच दिशांना पळत होते. आबा तेवढे आपल्या झेंड्याखालून हलले नाहीत, म्हणून निभावलं.

‘‘तुमी पुलावं चांगलं खेळता,’’ आबा नसीरजवळ खुर्ची ओढून म्हणाले. ‘‘पन आमाला कळत न्हाई तुमी कवा जानार ते. सांगत जावा की.’’

नसीरने तोंड उघडलं. ‘‘म... मला...’’

शब्द अडला. नसीरने वाट पाहिली, आता हा म्हातारा पुरं करणार. आबांनी काही पुरं केलं नाही. तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि ते नसीरकडे बघत बसले, फाटक उघडायची वाट बघावी तसे. कसली घाईही नव्हती आणि दयाही नव्हती.

‘‘मला बोलताना व... वेळ लागतो,’’ नसीर म्हणाला. ‘‘तोवर मी म... मेलेला असतो.’’

आबा हसले. नसीरलाही हसू आलं, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

‘‘मग बोलायचं कशाला?’’ आबा म्हणाले. ‘‘आमच्यात रुळावं कोन बोलत हुतं? घाटात वारा असा, की शेजारच्याचं ऐकू याचं न्हाई. पहारीवर ठोका मारायचा. एक मारला की बाजूला व्हायचं.’’

पाच मिनिटांत ठरलं. टेबलावर बोटांनी एक ठोका म्हणजे सगळ्यांनी किल्ल्यात परतायचं. दोन म्हणजे पूल. तीन म्हणजे सगळे पुढे. अनघाने डबा बंद केला. टोपीवाल्याने पहिल्यांदा मान वर केली.

दुसऱ्या सामन्यात समोर पुण्याची पिवळ्या टी-शर्टची पाच कॉलेजची मुलं होती, हेडफोन लावून सतत ओरडणारी. कोपऱ्यातल्या टेबलावर टक-टक झालं आणि नसीरने पूल धरला. टक-टक-टक झालं आणि पाचही जण एकदम नदीपार गेले. सात मिनिटांत झेंडा खाली आला. मागे उभ्या सानियाने किंकाळी फोडली. आपल्या डावीकडे कुणी आहे हे मागे न बघता कळणं म्हणजे काय, ते नसीरला पहिल्यांदा समजलं. ते इतकं गोड होतं की त्याला संशय आला. घाटमाथावाले रोज हेच चाखतात तर!

उपान्त्य सामना घाटमाथाशीच आला. फळ्यावर खेळाडूंची नावं लागली तेव्हा आकाश वाचता-वाचता थांबला आणि कोपऱ्याकडे आला. ‘‘नसीरभाई? तुम्ही गेज?’’ त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग सूत्रसंचालकाचं हसू परत आलं. ‘‘अरे वा! सांगायचं ना! तो व्हिडिओ मी काढून टाकतो हं.’’ फिरोज मागे उभा राहून बुटांकडे बघत होता.

नसीर फोनचं चार्जिंग बघत राहिला.

पण सामना सुरू व्हायच्या आत आकाश राजेश्वरीताईंकडे गेला आणि त्याने माइकवरच हरकत घेतली. सिंगलवाले टेबल वाजवतात, त्याने लक्ष विचलित होतं. शिवाय ते खुणा ठरवून आले, म्हणजे सिंगल राहिलेच नाहीत. हे नियमात बसतं का? हे फेअर आहे का?

फेअर! नसीर उठला. तो कसा उठला हे त्यालाही कळलं नाही, सानियाने तर भीतीने डोळे मिटले. हॉलमध्ये शंभरेक माणसं असतील. राजेश्वरीताईंनी माइक त्याच्यापुढे केला.

‘‘त... त्यांनी...’’

कुणीतरी खोकलं.

‘‘नसीरभाईंना म्हणायचंय की...’’ आकाशने सुरुवात केली.

‘‘थांब की जरा,’’ कोपऱ्यातून आबा म्हणाले. ‘‘त्यांचं झालं न्हाई अजून.’’

आकाश थांबला. सगळा हॉल थांबला. शिरगावच्या शाळेपासून आजवर नसीरसाठी इतकी माणसं एकदम कधी थांबली नव्हती.

‘‘त्यांनी ब... बोलणं बंद करावं,’’ नसीर म्हणाला, ‘‘आम्ही व... वाजवणं बंद करतो.’’

मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. राजेश्वरीताई हसल्या. ‘‘दोन्ही चालू राहील. बसा आपापल्या जागेवर.’’

तो सामना ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. घाटमाथाची पोरं खरोखर चांगली खेळतात, हे नसीरलाही नाकारता आलं नाही. पण कोपऱ्यातलं टेबलही ठोक्याला ठोका देत होतं. अम्माराने एकटीने दोघांना परतवलं. नऊ मिनिटं झाली, दोन्ही झेंडे जागेवर होते. दहाव्या मिनिटाला आबांच्या बोटाचा एक ठोका आला, स्पष्ट. किल्ल्यात परत या.

त्याच क्षणी नसीरला पुलावर आकाश दिसला. एकटा, अर्धा जीव गेलेला. इतक्या महिन्यांत आकाश त्याला एकटा कधी सापडलाच नव्हता. आबांनी पुन्हा ठोका मारला. नसीरने ऐकला आणि तो पुलाकडे धावला. तिसऱ्या वारात आकाश नदीत पडला. नसीरच्या छातीत जे काही उसळलं ते चार सेकंद टिकलं. मग मागे वळून पाहिलं तर घाटमाथाचे उरलेले चौघं सिंगलवाल्यांच्या किल्ल्यात होते, आबा एकटे झेंड्याखाली, आणि झेंडा खाली येत होता.

हॉलमध्ये एकच गलका झाला. आकाश हात पुढे करून आला. त्याच्या तोंडावर ओसंडून वाहणारा आनंद होता, आणि त्या आनंदात तो खरं बोलून गेला. ‘‘मीच म्हटलं पोरांना, मी पुलावर थांबतो. गेज आहे, मला सोडणार नाही.’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘नसीरभाई, फिरोजची पाळी बदलतेय. त्याच्या जागी आमच्यात या ना. तुमच्यासारखा माणूस पाहिजे आम्हाला.’’

‘‘नाही,’’ नसीर म्हणाला. हा शब्द त्याला कधीच अडत नसे.

सामान आवरताना आबांनी विचारलं, ‘‘ठोका ऐकू आला न्हवता व्हय?’’

खोटं बोलणं सोपं होतं. हॉलमध्ये गोंगाट होताच.

‘‘आ... आला होता.’’

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. ‘‘बरं,’’ एवढंच म्हणाले आणि फोन धोतराच्या सोग्याने पुसून खिशात टाकला. आकाशचा व्हिडिओ, कँटीन, कंपनीची अस्वलं, सगळ्यांनी मिळून नसीरला जेवढं लाजवलं नव्हतं तेवढं त्या एका ‘बरं’ने लाजवलं. परतताना सानिया भरभरून बोलत होती, तो खिडकीतून कार्ल्याचे डोंगर बघत होता. आपण ज्यांना लाल पेटीत टाकलं त्यांनीच आपल्याला दोन सामने जिंकून दिले, आणि तिसरा आपण एकट्याने घालवला, हे माप काही केल्या चुकीचं येत नव्हतं.

बुधवारी अनघाचा फोन आला. टोपीवाला पुन्हा कुणाला सापडला नव्हता. पाचवी म्हणून सानिया चालेल का? रविवारी दहा वाजता सगळे आपापल्या घरून खेळायला बसले. ठोके आता फोनवर ऐकू यायचे. पहिलाच सामना त्यांनी चार मिनिटांत उडवला. समोर पाच एकटे होते, कावरेबावरे, पाच दिशांना पळणारे. झेंडा उतरल्यावर त्यातल्या एकाने लिहिलं, ‘पाच जण ठरवून येता आणि एकट्यांना मारता. घरी काही शिकवलं नाही का?’

अम्मारा हसली. नसीर हसला नाही. त्याने त्या माणसाला उत्तर लिहिलं, ‘बरोबर आहे तुमचं.’ मग तो बाकीच्यांना म्हणाला, ‘‘आपण या र... रांगेत खेळायचं नाही.’’

‘‘का, चाचा?’’ अम्मारा चिडली. ‘‘आपण काय चीटिंग केली? त्यांना टीम करायला कुणी अडवलंय?’’

हेच शब्द, जसेच्या तसे. नसीरने डोळे मिटले. मग त्याने सांगितलं. त्याला दहा मिनिटं लागली, मधे तीनदा गाडी पार अडली, पण कुणीच वाक्य ओढून घेतलं नाही. एकसष्ट सामन्यांचं सांगितलं, जत्रेतल्या माणसाचं आणि आखाड्याचंही सांगितलं. शेवटी म्हणाला, ‘‘आपण आकाश झालो तर मी परत सि... सिंगल खेळतो. तुमच्याविरुद्ध.’’

आबा म्हणाले, ‘‘खरं हाय त्यांचं.’’

तेव्हापासून ही टीम फक्त पुऱ्या टीमशीच खेळते. खेळात तशी वेगळी रांग नाही. आव्हान पाठवायचं आणि एखादी साखळीवाली टोळी कबूल होईपर्यंत वाट बघायची. बहुतेक टोळ्या कबूल होत नाहीत. बरोबरीच्यांशी खेळायची त्यांना गरज वाटत नाही, आणि नसीरला याचं काडीचंही आश्चर्य वाटत नाही. घाटमाथाला त्याने तीनदा आव्हान पाठवलं. आकाशने तिन्ही वेळा हात जोडल्याचं चित्र पाठवलं, रविवारी वेळ नसतो म्हणाला, आणि त्याच रविवारी एकट्यांना मारल्याचा नवा व्हिडिओ टाकला. कारखान्यात तो अजून ‘‘काय गेजसाहेब!’’ म्हणून हाक मारतो. नसीर त्याच्या अंगावरून पलीकडच्या भिंतीकडे बघतो.

सोमवार ते शनिवार नसीर अजूनही साडेचारला बाल्कनीत एकटाच खेळतो, आणि साखळीवाल्यांसमोर हरतो. तो म्हणतो, हरणं परवडतं. रविवारी मात्र दहाला पाचही जण हजर असतात. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास नुसते बसून. अनघा मटार सोलते. अम्मारा गणितं सोडवते आणि मधून मधून सगळ्यांना ऐकू जाईल असे उसासे टाकते. मळवलीहून आबांचा आवाज येतो.

‘‘गावली का एखादी टोळी?’’

‘‘न... नाही, आबा.’’

‘‘मग बसा. म्या म्हशीला पानी पाजून येतो.’’